दहावा विद्यार्थी

दि. ३ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. नानांचं घर विकायचं आणि त्यांना सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे ठेवायचं. आई गेल्यापासून ते एकटे आहेत, परवा गॅस चालू ठेवून झोपले, सगळं पटतं. पण माझ्याकडे सध्या बसायला खुर्ची रिकामी नाही. कायद्याच्या शेवटच्या वर्षाची नऊ मुलं माझ्या हाताखाली प्रबंध लिहितायत, आणि घरभर त्यांच्या मसुद्यांचे गठ्ठे. प्रत्येकाला आठवड्यातून अर्धा तास देते, दार लावून, फोन बंद ठेवून. एकीचा विषय आहे म्हाताऱ्या आईबापांना सांभाळण्याची मुलांची जबाबदारी. निकालांचा ढीग रचलाय, पण एकाही म्हाताऱ्याशी बोललेली नाही. बोलून ये म्हणून परत पाठवली.

हात इतका सवयीचा झालाय की तुझ्या पत्रावरही लाल शेरे मारून बसले. हसशील म्हणून तेच सोबत धाडते. वहिनीला नमस्कार. रागावू नकोस.

तुझी,
धाकटी

दि. ९ मार्च

चि. मास्तरीणबाईंस,
अ. आ.

हसलो नाही, आधी चिडलो. माझ्या पत्राला ‘आधार काय?’ म्हणून विचारतेस? वर शेवटी ‘ज्याच्याबद्दल ठरवायचं, त्याचं म्हणणं कुठे आहे?’ हा शेरा. तुझी वहिनी म्हणाली, शेरा बरोबर आहे, पण मारणारीने तरी कुठे विचारलंय. तेही पटलं. घराला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं, त्याला थांबवलं. ते पत्र तुझ्या शेऱ्यांसकट नानांना पाठवलंय. आता काय ऐकावं लागेल या विचाराने झोप उडालीय. तुझीही उडू दे.

तुझा,
दादा

दि. १५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

माझ्या उरल्या आयुष्याची व्यवस्था तुम्ही दोन पानांत बसवलीत. वाचून हसू आलं, मग वाईट वाटलं. गॅसचं खरं आहे, मीही घाबरलो होतो. आता शेजारीण झोपण्याआधी येऊन बघून जाते. मी इथेच राहणार. हातपाय चालेनासे झाले की न लपवता सांगेन, मग न्या कुठे न्यायचं ते. दादालाही हेच कळवलंय.

तुझ्याकडे मात्र एक मागणं आहे. तुझी मुलं फार नशीबवान, त्यांना दार लावून अर्धा तास मिळतो. माझा फोन आला की तुझा एक हात मसुद्यावर असतो, पानं उलटल्याचा आवाज मला इकडे ऐकू येतो. मी कधी बोललो नाही. तर मला दहावा विद्यार्थी करून घे. विषय मी आणीन, तू नुसतं ऐक.

गुरुवारी संध्याकाळी फोनजवळ बसतो. लोभ आहेच, वेळही असावा.

तुझे,
नाना