ओकांनी नाकारलेलं घर

प्रिय विनी ताई,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (खरं सांग. मागच्या वेळी ‘झकास’ लिहिलंस आणि त्याच आठवड्यात बसमधून उतरताना ड्रायव्हरच्या अंगावर कोसळलीस, हे मला कळलंय.) आम्ही दोघं मजेत.

बातमी अशी, की आमच्या बागेच्या टोकाला तुझ्यासाठी बांधणार होतो ते घर काउन्सिलने नामंजूर केलं. कारण आपली ओकची झाडं. त्यांना संरक्षण आहे, साधी फांदी छाटायची तरी परवानगी लागते. पाहणीला आलेला अधिकारी भला माणूस. म्हणाला, पाया खणताना मुळं तर तुटतीलच. शिवाय इथे जो राहील तो अंधाराला आणि पानगळीला कंटाळून ‘झाडं पाडा’ म्हणत काउन्सिलच्याच मागे लागेल. तुला न बघता त्याने तुला कसं ओळखलं, देव जाणे!

शेजारच्या पेटिफरने लेखी हरकत घेतली आणि त्याच संध्याकाळी प्लमच्या मुरंब्याची बरणी घेऊन आला. आपल्या गावची रीतच ती, तोंडावर कुणी भांडत नाही. मुरंबा छान होता, त्याचाही मी आभारी आहे.

खरी गंमत काउन्सिलच्या सभेत झाली. तिथे बाजूने किंवा विरुद्ध बोलायला तीन मिनिटं मिळतात. मी तुझे गुडघे, तुझ्या घराचा जिना, सगळं रंगवून सांगितलं. मग विरोधकांना पुकारलं, आणि उठली कोण? आमची हेस्टर! चर्चला घालते ती टोपी घालून, सख्ख्या नवऱ्याच्या अर्जाविरुद्ध. तुमचं दोघींचं सख्य जगजाहीर. मला वाटलं, झालं, ही तुला गावातसुद्धा पाऊल टाकू देणार नाही.

ती म्हणाली, “बागेच्या टोकाला ती रात्री पडली, तर ऐकू कुणाला जाणार? तिला आमच्या घरात आणा म्हणावं. खालची खोली आहे की.” आणि खाली बसली.

ताई, माझे डोळे भरून आले. अर्ज फेटाळल्याबद्दल अध्यक्षांचे हात धरून आभार मानणारा मीच पहिला असेन.

तुझा,
क्लेमंट

ता. क. खालच्या खोलीतली माझी खेळण्यातली रेल्वे माळ्यावर गेली. मी रडलो नाही. (फारसा.)

ता. क. आणखी एक. हेस्टर स्वतःहून बोलावणार नाही आणि तू स्वतःहून येणार नाहीस, म्हणून शनिवारी मीच गाडी घेऊन येतोय. सामान बांधून ठेव. खोलीचे पडदे तिने स्वतः शिवलेत. भयंकर आहेत. पाया पडतो, सुंदर आहेत म्हण.