वकीलबाईचं आमेन

प्रिय अक्का,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही म्हणून रागावली असशील. रागाव, तुझा हक्कच आहे. दिवसभर औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं, घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडायचे आणि पाणी गार होईपर्यंत तिथेच पेंगत बसायचं, असं चाललंय माझं. लिहायला घेतलं की ‘मी बरी आहे’च्या पुढे पेन सरकत नाही.

आज मात्र लिहायलाच हवं. चर्चचा तरुण संघ ह्यांच्यामागे मी चालवते, ते तुला ठाऊकच आहे. हे गेले त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी विचारलं होतं, तात्पुरतं बघाल का? आणि तात्पुरतं म्हणजे किती दिवस, ते तुला काय सांगायचं. मध्यंतरी ते पुन्हा आले. म्हणाले, आणखी तीन वर्षं तुम्हीच सांभाळा, महिनाअखेर मंडळीपुढे जाहीर करतो. नाही म्हणायला जीभ रेटेना. संघाचा तो हॉल ह्यांनी रंगवलाय, खिडक्यांच्या खिट्ट्या ह्यांनी बसवल्यात. शनिवारी तिथे गेलं की हे आत्ताच कुठेतरी बाहेर गेलेत असं वाटतं. नाही म्हटलं तर ह्यांचं उरलंसुरलंही आपल्याच हाताने सोडल्यासारखं होणार. आणि हो म्हटलं तर मी कोलमडणार, हेही दिसत होतं.

गेल्या शनिवारी मुलांना एक खेळ दिला, ह्यांचाच जुना. कुणाला देवाने कसलं कृपादान दिलंय, म्हणजे कुणात काय चांगलं आहे, ते त्याने स्वतः नाही सांगायचं, बाकीच्यांनी सांगायचं. मग सगळ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून देवाचे आभार मानायचे, आणि आमेन. एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायला सांग, तासभर थांबणार नाहीत. चांगलं बोलायची वेळ आली की दातखीळ बसते. ड्रमवाल्याला वाटलं, आपल्याला ड्रमच सांगणार. निघालं भलतंच. नवा कुणी आला की हा आपणहून त्याच्या शेजारी जाऊन बसतो म्हणे. त्याचे कान लाल झाले. बेकरीत काम करणाऱ्या मुलीला मी इतके दिवस घुमी समजत होते, तर तिला कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते सगळं ठाऊक. वकीलबाईपाशी मात्र गाडी अडली. ही शिकते नर्सिंग, पण प्रत्येक गोष्टीत ‘पण का?’ विचारते म्हणून हे नाव पडलं. बरंच डोकं खाजवल्यावर कुणीतरी म्हणालं, ही स्पष्ट बोलते. ते कौतुक होतं की तक्रार, देव जाणे.

शेवटी मला खुर्चीत बसवलं. माझ्या बाबतीत विचारही करावा लागला नाही त्यांना. काकू कधी थकत नाहीत, सगळे एका सुरात म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत खांद्यांवर हात पडले आणि ड्रमवाल्याने न थकणाऱ्या काकूंबद्दल देवाचे आभार मानायला सुरुवातही केली. अक्का, माणसाचं बोलणं खोडता येतं, प्रार्थना कशी खोडायची? किती माया होती त्या हातांत, आणि किती जड लागत होते ते. मी सगळ्यांबरोबर आमेन म्हणून मोकळी झाले.

वकीलबाई म्हणाली नाही. हात काढून घेत ती म्हणाली, “माझं आमेन नाही. मागच्या शनिवारी काकू प्रार्थनेत उभ्या उभ्या झोपल्या होत्या. मी दंड धरला म्हणून पडल्या नाहीत. आपण आत्ता देवाला खोटं सांगितलं.”

तिने धरलेला दंड मला आठवत होता. मला वाटलं होतं, पोरगी मायेने जवळ आली. खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला. चारचौघांत उघडं पाडलं होतं तिने मला. पण कुणी काही विचारलं नाही. बेकरीवालीने माझ्या मांडीवरून हॉलची किल्ली उचलली आणि मला घरी जायला सांगितलं. मी दारात चपला घालत रेंगाळले. आत वाटणी चालली होती: आजाऱ्यांकडे कोण जाणार, नव्यांना कोण बघणार. काकूंना मोकळं करा, असं पाळकसाहेबांना सांगायला वकीलबाईला पाठवायचं, यावर तर एकदम एकमत झालं. ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्याआधी आपल्यावाचून या मुलांचं अडत नाही, याचंच वाईट वाटलं. असं आहे बघ माझं मन.

तिला मी जाऊ दिलं नाही. काल मीच पाळकसाहेबांना नाही सांगून आले. कारण विचारलं तर पाय दुखतात म्हटलं. खरं कारण तुला सांगते. ह्यांना पोचवलं त्या दिवशी ही सगळी मुलं धाय मोकलून रडत होती. कुणाला पाणी दिलं, कुणाची पाठ थोपटली. गीत कुणाच्या गळ्यातून निघेना, तेही मीच सुरू केलं. त्यानंतर दर शनिवारी कुणी ना कुणी होतंच सावरायला. दोन वर्षं होत आली, अक्का, आणि मी ह्यांच्यासाठी अजून रडलेच नाही. एकटीने बसून पाहिलं, येत नाही. लहानपणी मी पडले, गुडघे फुटले, तरी तू दिसेपर्यंत रडत नसे, असं आई सांगायची. शुक्रवारच्या गाडीने निघते. घर आवरू नकोस, कुणाला बोलावू नकोस. तू फक्त घरी राहा.

तुझीच
धाकटी