तुळशीरामचे तीन तलाव

पनवेल, १४ नोव्हेंबर २०१५

चि. शैलेश,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत बरी आहे. घराची वाटणी झाल्यापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून मेल करते आहे. काम तू लॅबला लिहून दिलेल्या कॉम्प्युटर स्क्रिप्टचं आहे.

उरणकडच्या कोळंबीच्या तलावांचे नमुने आम्ही बाहेरून सिक्वेन्स करून, म्हणजे त्यातला डीएनए वाचून, आणतो. तुझी स्क्रिप्ट त्या फाइल्स एकेक उचलते, रोग आहे का बघते आणि निकाल तलावाच्या नावाने ठेवते. या वेळी तिकडच्याच तिघा सख्ख्या भावांच्या तिन्ही तलावांत रोग निघाला. आमच्या कोमलने तसे रिपोर्टही देऊन टाकले. मधला भाऊ दादू थेट लॅबमध्ये आला.

"मॅडम, कोलंबी उड्या मारते हाय नि तुमी तिला आजारी म्हनता? उद्या सगली मारून टाकायची हाय. परत बघा."

बघितलं. प्रत्येक फेरीत कोणती फाइल उचलली आणि निकाल कुठे ठेवला, हे पडद्यावर छापायला लावलं. फाइल्स तीन, पण निकाल तिन्ही वेळा एकाच नावावर: तुळशीराम. पहिल्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. उरला तो शेवटचा, थोरल्या काशिरामचा. तोच कोमलने तिघांना दिला होता.

दादूला झापलं. "तीन तलावांना एकच नाव कसं?"

"बापाचं हाय. वाटनी झाली म्हनून बाप बदलतो काय?"

नावापुढे नमुना क्रमांक जोडला आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. दादूचा तलाव स्वच्छ, धाकट्याचाही. रोग फक्त काशिरामकडे. औषध मारून त्याचा तलाव उपसावा लागणार.

दादू लगेच उठला. "चला, पंप टाकतो टेंपोत. भावाकडं पंप नाय."

"वाटणीपासून तुम्ही एकमेकांशी बोलत नाही ना?"

"बोलाय कशाला लागतं? पंप करतो की आवाज."

दुरुस्त स्क्रिप्ट जोडली आहे. सोमवारी नवे रिपोर्ट माझ्या सहीने जातील, त्याआधी एकदा तपासून परत पाठव. सोबत काही लिहिलंच पाहिजे असं नाही.

विचुंब्याच्या घरातून, जिथे दारावर अजून आपल्या अण्णांच्याच नावाची पाटी आहे,

तुझी ताई
दमयंती