रुमालाखालचे हात

बापू, तुमी गेल्यावर पैल्यांदाच तुमाला काही पाहा म्हणून सांगून राहिलो. टीव्हीवर पोलिसांची एक मालिका लागायची. शहर मोठं, वरपासून खालपर्यंत सगळे खाणारे, त्यात एकच फौजदार सरळ, असं सगळे म्हणायचे. त्यातला म्हातारा हवालदार तुमाला लई आवडला असता. साहेबानं चहा पाजला की आधी विचारायचा, काम काय हाय? कंपनीच्या खोलीवर आमी पोरं जेवताना पाहायचो. थोडेच भाग झाले अन् बंद केली. लोकं पाहत नव्हते म्हणतात. मला पटत न्हाई.

पोरं त्या फौजदारावर खूश. मी न्हाई. तोंड धुतल्या तांदळासारखं, पण बिल्डर समोर बसला की टेबलाखालून उजवा हात जायचा अन् खांदा हलायचा. मी म्हणलो, हा घेऊन राहिला. पोरं हसली, "तुला तर देवळातला पुजारीबी चोर दिसतो."

खांदा पाहायला तुमीच शिकवलं. आपल्या बैलबाजारात भाव तोंडानं सांगत न्हाईत. दलाल अन् गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात, बाकीचे नुसते बघे. तुमी दलाल. म्हणायचे, "तोंडाकडं नको पाहू, तोंड सगळ्यांचंच साधूचं असतंय. खांद्याकडं पाहा." काकानं त्याची बैलजोडी विकायला तुमच्या हवाली केली, त्या दिवशीबी मी तेच पाहून राहिलो. कुरुंद्याच्या गिऱ्हाइकाच्या हातात तुमचा हात. खांदा हलतो, थांबतो. तुमी मान डोलावता, सौदा झाला. आता रुमाल काढायचा. पण हात खालीच राहतो, अन् खांदा परत एकदा हलतो. भाव तर ठरला होता. मग काय ठरून राहिलं? परतताना काका सगळ्या रस्त्यानं म्हणत होता, "दलाल सख्खा भाऊ असल्यावर मला कशाचा घोर?" अजूनबी फोनवर तेच म्हणतो. मी व्हय म्हणतो.

शेवटच्या भागात फौजदाराचं पोरगं जेवता जेवता बापाला विचारतं, "पप्पा, तुम्हीपण घेता का?" बापाचा घास हातातच राहतो. तिथंच संपलं. पुढचा भाग आलाच न्हाई.

हे पत्र काकाच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झालं की फाडून टाकतो. अन् खरं सांगू का बापू, मालिकेचं निमित्त हाय. ती लावून मला तुमच्या उजव्या बाजूला बसायचं होतं. ते पोरगं विचारतं, तवा मी टीव्हीकडं पाहिलंच नसतं.