घराण्याचं फडकं

ती. एमिलियाताईस,

धाकट्या विद्मांतासचा गुडघे टेकून नमस्कार (का ते पुढे वाचशीलच). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे बिर्झाईकडे राय धान्याची कापणी झाली, सफरचंदं उतरवली, सगळे मजेत आहेत. घाबरलेला मी एकटाच.

तुला ठाऊकच आहे, निवृत्त होऊन गावी आल्यावर मी घरच्या घरी बिअर करायला घेतली. अख्खं पिंप नव्हे, वीसच लिटर, नवशिक्याला झेपेल इतकी. फेलिक्सासकाकांना (वय शहाऐंशी, हृदय नाजूक, स्वभाव त्याहून नाजूक) इतका आनंद झाला, की वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जुनं लिननचं फडकं माझ्या हाती ठेवून म्हणाले, "सांभाळ. आपलं अख्खं घराणं ह्यात आहे." एवढंच. आता मी चाळीस वर्षं विल्न्युसला भूगोल शिकवत होतो. पणजीपासून चालत आलेलं बिअरचं विरजण त्या फडक्यावर वाळवून ठेवलंय, हे मला कुठून कळणार? मला वाटलं, गाळायचं फडकं. आणि मी आणलेल्या पुस्तकात पानोपानी एकच ताकीद, की बिअरला जे जे लागेल ते ते आधी उकळून घ्या, नाहीतर सगळं नासेल. (नासण्याची मला लहानपणापासून धास्ती. दूधसुद्धा मी दोनदा तापवतो.) फडकं कळकट, पिवळं, आंबूस वासाचं. मी ते सोडा घालून अर्धा तास उकळलं. ताई, असं पांढरंशुभ्र निघालं, की मी अभिमानाने अंगणात वाळत घातलं.

संध्याकाळी शेजारचा ब्रोन्युस कुंपणावरून म्हणाला, काकांनी तुला विरजणाचं फडकं दिलं म्हणे, नशीबवान आहेस बाबा. ते फडकं माझ्या मागेच दोरीवर फडफडत होतं. दीडशे वर्षांचं विरजण मी अर्ध्या तासात मारलं होतं, आणि काकांना कळलं तर तेही जातील, अशी खात्रीच झाली. ब्रोन्युसकडे त्याच्या घरचं थोडं विरजण मागावं, तर (तो नाही म्हणाला नसता, पण गप्पही बसला नसता) बातमी आधी काकांकडे. शेवटी दुकानातून पावाच्या यीस्टची पुडी आणली, दार लावून बार्लीच्या कोमट काढ्यात टाकली आणि रिकामी पुडी चुलीत जाळली. पुढे रोज सकाळी काका काठी टेकत यायचे, पिंपाला कान लावायचे आणि विचारायचे, "बोलतेय का?" बिअर बोलत होती. माझीच दातखीळ बसली होती.

काल रविवारी सुगीचं जेवण झालं. उकडलेले वाटाणे, वर चरबीचे कुरकुरीत तुकडे, पंधरा माणसं. काकांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. त्यांच्या औषधाची बाटली कुठल्या खिशात असते ते मी आठवू लागलो. मग ते म्हणाले, "आपल्याच घरची चव." आणि बाहीने डोळे पुसले. ताई, मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. म्हाताऱ्या माणसाला मी फसवलं. वर शनिवारी अर्धं गाव बरण्या घेऊन माझ्याकडे विरजण न्यायला येणार आहे.

तुझा भेदरलेला भाऊ,
विद्मांतास

ता. क. आत्ता आठवलं, तुझ्या लग्नात काकांनी त्याच फडक्याचा अर्धा तुकडा तुला दिला होता ना? शनिवारच्या आत पाकिटात घालून पाठव. धुऊ नकोस. इस्त्रीही करू नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात काका आले. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "उकळलंस ना? दोरीवर दिसलं मला." मी कबूल केलं. ते म्हणाले, "मीही उकळलं होतं. साठ वर्षं झाली. आईच्या भीतीने पावाचंच यीस्ट टाकत आलो. ती मरेपर्यंत म्हणायची, आपल्याच घरची चव." आणि फडकं? आजीच्या टेबलक्लॉथचा तुकडा, विरजणाचा वाटावा म्हणून पेजेत बुडवून वाळवलेला. तुझाही त्यातलाच. हे सांगून काका इतके हसले, की औषध खरंच काढावं लागलं.

ता. क. ३. तरी तो तुकडा पाठवच. माझा फारच पांढरा झालाय, शनिवारी लोकांना दाखवायला काहीतरी हवं. शिवाय तुझ्या दाइवाला बिअर करून बघायची हौस आहे ना? तिला सांग, घराण्याचं फडकं मामाकडे आहे, पुढच्या सुगीला घेऊन जा. "उकळू नकोस" असं मात्र तिला सांगू नकोस.