कवडीसाठी बर्फ

कोल्हापूर,
२ जून २०२५

ती. चिमणाआत्तीला तेजूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

फोन तू कापतेस, म्हणून कागद. संयोगितावहिनी, सासूबाईंना तूच वाचून दाखवणार, तर बाई, एक शब्दही गाळू नकोस.

इकडं सगळं बरं. तुझ्या भावाचा, आमच्या दादांचा गुडघा जरा कमी दुखतोय. माईनं लोणचं घातलं, मीठ जास्त पडलं आणि खापर माझ्यावर. तुझी म्हैस व्याली का? गोठ्यावर नवे पत्रे घातलेस असं कळलं. छान झालं.

आत्ती, मी उगाच घुटमळतेय. सांगून टाकते.

ऑक्टोबरात तुझी कवडी गाय बांधावरून घसरली, पाठ मोडली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तास-दोन तास, जास्त नाही. तू म्हणालीस, "तेजू, कायतरी आण की गं." मी म्हणाले, औषध आणते, आणि गाडी काढून राधानगरीला गेले. औषध नव्हतंच, आत्ती. मी बर्फ आणायला गेले होते.

परत आले तर गाय गेलेली. तू घरात हळदी-कुंकू आणि खण आणायला गेलीस, तेवढ्यात डॉक्टरांनी आणि मी तिच्या गळ्याला चीर देऊन श्वासनळीचा वीतभर तुकडा काढला, बर्फात ठेवला, वरून टाके घातले. हळद लावताना तुला टाके दिसले. मी म्हणाले, इंजेक्शनचे आहेत. इंजेक्शनला कधी टाके पडतात होय! तू काही बोलली नाहीस. तेव्हापासून बोललीच नाहीस.

का केलं ते सांगते. तिची कालवड आदल्या वर्षी खोकून खोकून गेली. आपण तीन औषधं बदलली, सगळी त्या बिचारीवरच करून बघितली. माझ्या प्रयोगशाळेत, तुझ्या भाषेत 'गुरांच्या खोकल्याच्या हापिसात', श्वासनळीचा आतला पापुद्रा वाढवतात. कवडीच्या तुकड्यातल्या पेशी आम्ही बारीक जाळीवर पसरल्या. खालून खुराक, वरून हवा. महिन्याभरात थर धरला. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर त्यावरचे बारीक केस हलत होते, भातावरून वारं जावं तसे. घशातला कचरा वर ढकलायचं त्यांचं काम, ते त्यांनी सोडलं नव्हतं. मी तिथंच रडले. काही पेशी गोठवून ठेवल्या होत्या, त्यातून आता पुन्हा थर वाढवलाय.

आणि आता अवघड ते. येत्या वीस तारखेला त्या थराला तोच आजार द्यायचा आहे, ज्यानं तिची कालवड नेली. मग औषधं त्याच्यावर बघायची, म्हणजे आधी जितं वासरू पणाला लागत नाही. होकाराच्या कागदावर मालकाचा अंगठा लागतो. तो मीच उठवला, तुझ्या नावानं. परवा आमच्या मॅडमना सांगून टाकलं. भडकल्या, आणि बरोबरच भडकल्या. म्हणाल्या, चिमणाबाईंचा खरा होकार आण, नाहीतर सगळं काढून टाकायचं. होकाराचा कोरा कागद सोबत जोडलाय.

तू नको म्हणालीस तर मी माझ्या हातानं काढून टाकीन, कुरकुर करणार नाही. पण नको म्हणायला तरी बोल गं. सात महिने झाले, तुझ्या शिव्यांशिवाय मला करमत नाही.

तुझी, तुझ्याशी खोटं बोललेली,
तेजू

---

गावाकडून,
१० जून २०२५

तेजूस,

लिहितीया संयोगिता, बोलतीया मी. तिनं काय गाळलं न्हाय. मी दोनदा वाचाय लावलं.

म्हैस व्याली, रेडी झाली. लोणच्यात गूळ घाल म्हणावं माईला.

टाकं बघितलं तवाच मला कळलं हुतं. चीर दिलीस त्येचा राग हुता, पण तो उतरला असता. बर्फाचं मातूर आज कळलं, आन ते लई लागलं. तू गाडी काढलीस, मी तिचं डोस्कं मांडीव घिऊन बसले. कानामागं खाजवत सांगत हुते, "थांब बाई, तेजू औषध आणाय गेलीया, आलीच बघ." तिनं लई वाट बघितली गं. मीबी बघितली.

लेकरू नेलं त्योच खोकला आता आईला लावणार व्हय? हे ऐकून मी कागदच फाडाय निघालते. संयोगितानं हात धरला. म्हणाली, त्या पापुद्र्याला दुखत न्हाय. तुमी शिकल्यासवरल्या, तुमास्नी ठाव. मला काय अजून पटंना.

पर ती कालवड कशी गेली ते मी बघितलंया. सोबतच्या कागदाव अंगठा हाय. ह्यो माझा हाय, खरा.

एक ऐक. वीस तारखेला तिला खोकला देशील तवा तिथनं हलू नगंस. जेवाय सुदीक जाऊ नगंस. त्या दिशी तू नव्हतीस, मी एकटीच हुते. आता पाळी तुझी.

आन मी तिला औषध येतंया म्हणून सांगितलंया. ते घिऊन ये.

अजून वाट बघणारी,
चिमणाआत्ती