तात्यांचं फुलपात्र

मंगळवार, १५ एप्रिल २०२५
सकाळी ११

पोचलो एकदाचे! संभाजीनगरहून मुंबई, तिथून विमान, मग बोट आणि आता हे बेट. एवढंसं की जेवल्यावर शतपावलीला निघालं तर फिरून आपल्याच दारात येऊ. सोमनाथ बोटीत दोनदा ओकला, तरी प्रत्येक फोटोत हसतोय. लग्नाला सहा वर्षं झाली, दोघंच कुठं जायची ही पहिलीच वेळ. म्हणून तर ही वही घेतली. खोलीला झावळ्यांचं छप्पर आहे, टेबलावर पाण्यानं भरलेला निळा जग आहे. मोबाइलला रेंज नाही. धक्क्यावरच्या ऑफिसात एक फोन आहे, तोही पाचपर्यंतच. परतीची बोट शुक्रवारी.

एका गोष्टीची मात्र लाज वाटते. शेजारच्या तनुजावहिनींना मी सांगितलं की तात्यांना, म्हणजे सासऱ्यांना, सिल्लोडला नणंदेकडं सोडून जातोय. ऐंशीच्या विसराळू म्हाताऱ्याला कामवालीच्या भरवशावर टाकून समुद्रात डुंबायला गेले, असं गल्लीनं बोलायला नको. तशी गोजरबाई चारही दिवस मुक्कामालाच आहे.

दुपारी १

सुरमई झकास होती. जेवताना सोमनाथनं विचारलं, गोजरबाई आली होती ना वेळेवर? मी म्हटलं, मुंबईत असतानाच तिचा मेसेज आला, तात्या जेवून झोपलेत. मेसेज आलाच नव्हता. तिचा फोन रात्रभर बंद होता. पण त्याचं जेवण कशाला बेचव करा, म्हणून बोलून गेले.

दुपारी २.१०

गॉगल शोधताना पर्समध्ये किल्ली हाताला लागली. घराची.

काल जयंतीच्या मिरवणुकीमुळं क्रांती चौकाकडचे रस्ते बंद होणार होते, म्हणून पाचऐवजी तीनलाच निघालो. गोजरबाई पाचला येणार होती. तात्या बाहेर पडले की वाट चुकतात, तेव्हा कुलूप लावून किल्ली मीटरच्या डबीत ठेवायची असं ठरलं. सोमनाथ खालून हॉर्न वाजवत होता. मी कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

त्याआधी गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्हही बंद केला. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि तात्या तोट्या उघड्या टाकतात. बाहेर जाताना माझा हात आपसूक तिकडं जातो.

गोजरबाई येऊन कुलूप बघून गेली असेल. वहिनींनी तिला सिल्लोडचं सांगितलं असेल. एप्रिलात सगळ्या गल्लीच्या खिडक्या बंद असतात, घरोघरी कूलर घरघरतात. हाक कुणाला ऐकू जाणार?

निघताना तात्या म्हणाले होते, "सूनबाई, लई गरम व्हायलंय. तांब्या भरून ठेव गं." त्यांच्याजवळ एक फुलपात्र पाणी होतं. मी दारातूनच म्हटलं, दोन तासांत गोजरबाई येईल, तोवर गप पडून राहा.

त्याला तेवीस तास झाले.

दुपारी ३.३०

ऑफिसात गेले होते. मॅनेजरनं फोन पुढं सरकवला. सोमनाथ शेजारीच शहाळं पीत उभा. कुणाला लावतेस म्हणाला. आईला, म्हटलं. मग म्हटलं राहू दे, झोपली असेल. आणि परत आले.

मी तुझ्या बापाला कोंडून आलेय, हे कोणत्या तोंडानं सांगू? आणि त्या मेसेजचं काय सांगू? पाचला अजून अवकाश आहे. तो पोहायला गेला की जाईन.

इथं खोलीतल्या नळाला पाणी नाही. जगही रिकामा आहे. आम्ही दोघंही त्यातलं प्यायलो नव्हतो.

४.१५

दारावर वाजलं. टक टक टक. जरा थांबून पुन्हा तीनदा. पाणी हवं असलं की तात्या दाराच्या जाळीवर फुलपात्र असंच वाजवतात.

उघडलं. कुणी नाही. पायरीवर स्टीलचं फुलपात्र होतं, तळाला सासूबाईंचं नाव कोरलेलं. आमचंच. कोरडं ठणठणीत.

४.४०

सोमनाथ समुद्रात. मी ऑफिसकडं निघाले— दार उघडत नाही. बाहेरून कडी आहे. खिडकीच्या जाळीतून हाका मारल्या. त्यानं पाण्यातून हात हलवला. त्याला वाटलं, मजेत आहे.

५.०५

फोन बंद झाला असेल.

मघाशी ऑफिसातच सांगता आलं असतं. तो ओरडला असता, फार तर. मला लाज वाटली, एवढ्यासाठी— फक्त एवढ्यासाठी—

जीभ टाळूला चिकटतेय.

५.२०

बाहेर कुणीतरी खोकलं. मग अगदी शांतपणे, तात्यांच्या आवाजात, माझेच शब्द—

दोन तासांत गोजरबाई येईल. तोवर गप पडून राहा.

चपला फरफटत लांब गेल्या.

५.३५

वाजवतेय. टक टक टक. फुलपात्र माझ्याच हातात आहे. कुणी ऐकत नाही—

सोमनाथ, ही वही मिळाली तर मला नंतर शोध. आधी वहिनींना फोन— म्हणावं कुलूप तोडा, व्हॉल्व्ह उघडा— तात्या घरातच आहेत— मेसेज आला नव्हता रे, मी खोटं— किल्ली माझ्या—